मंगलाष्टका, अंतरपाट की रुखवत: लग्नात घरचा हात कुठे लावावा?

पुण्यात लग्न ठरलं की कार्यालय, केटरर आणि लक्ष्मी रोडवरची साडीखरेदी यांतच बराचसा वेळ जातो. उरलेल्या दिवसांत ‘आपलं असं काहीतरी’ करायचं म्हटलं की घरात तीन गोष्टी हमखास निघतात: स्वतः रचलेल्या मंगलाष्टका, हाताने सजवलेला अंतरपाट आणि रुखवत. घरात माणसं भरपूर असतील तर तिन्ही करा. एकच जमणार असेल, तर मी मंगलाष्टका निवडायला सांगेन.

हातात अक्षता घेऊन दोन्हीकडची माणसं उभी असतात आणि सगळ्यांचं लक्ष एकाच ठिकाणी असतं, अशी लग्नातली ती एकच वेळ. खर्च शून्य. कस लागतो तो लिहिताना. आपल्या ओळखीची चाल बसते ती शार्दूलविक्रीडित वृत्तावर: एका चरणात १९ अक्षरं, म-स-ज-स-त-त-ग असे गण (लघु-गुरू म्हणजे आखूड-लांब उच्चाराच्या अक्षरांचे तीन-तीनचे गट, शेवटी एकटा गुरू) आणि १२ अक्षरांनंतर यती, म्हणजे थांबा. नावं गुंफताना याचा फार उपयोग होतो. मुलीचं नाव अनघा असेल तर ते चरणाच्या सुरुवातीला बसणार नाही, कारण तिथली तीनही अक्षरं गुरू हवीत आणि ‘अनघा’तली पहिली दोन लघु आहेत. पण दहाव्या ते बाराव्या जागी, जिथे लघु-लघु-गुरू लागतात, ते चपखल बसतं, आणि म्हणणारी नेमकी तिच्या नावावर क्षणभर थांबते. सायली हे नाव चरणाच्या अगदी शेवटी शोभतं. वृत्त मोडलं की चाल ओढाताण करत म्हणावी लागते, म्हणून लिहून झालं की मोठ्याने म्हणून बघाच.

सगळ्या काका-मामांची नावं कोंबलेलं कडवं ऐकवत नाही. त्यापेक्षा मुलीने रात्र रात्र जागून केलेला अभ्यास, मुलाच्या आजीचा त्याच्यावरचा जीव, असं एखादंच खरं काही येऊ द्या. तीन-चार कडवी पुरेत. गुरुजींना आधी विचारून घ्या, कारण मुहूर्त गाठायचा असतो, आणि शेवटचं ‘तदेव लग्नं’ त्यांनाच म्हणू द्यावं. म्हणायला आत्या किंवा मावशी असेल तर सोनं. सूर थोडा हलला तरी चालेल, शब्द मात्र स्पष्ट हवेत.

ज्यांच्या घरी लिहिणारं कोणी नाही, पण चित्र काढणारं किंवा भरतकाम करणारं आहे, त्यांनी अंतरपाट घ्यावा. पांढऱ्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक एवढाच तो पूर्वी असायचा. आता खणाचे, पैठणीच्या काठाचे, नावं घातलेले तयार मिळतात. तयार घेण्यापेक्षा घरी केलेला मला कितीतरी जवळचा वाटतो. एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: वधू आणि वर कापडाच्या दोन बाजूंना असतात आणि त्या वेळात दोघांच्या नजरेसमोर फक्त तेच असतं. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या करा, तिच्यासाठी त्याने निवडलेलं चित्र आणि त्याच्यासाठी तिने. रंग पलीकडे उतरू नये म्हणून दोन कापडं रंगवून पाठीला पाठ लावून शिवा. कापड हलकंच घ्या. जरीकाम जड असलं की धरणाऱ्यांचे हात भरून येतात आणि कापड मधे झुकतं. मंगलाष्टका विरतात, अंतरपाट मात्र पुढे घरात फ्रेम करून लावता येतो. त्या बाबतीत तो सरस.

रुखवताचं मला थोडं अवघड वाटतं. त्याला हात जास्त लागतात, जागा लागते, आणि पाहुणे जेवणाकडे वळताना त्यावर एक नजर टाकतात. तुळशीबागेत सप्तपदीच्या सुपाऱ्या, भातुकली, सजवलेली ताटं सगळं तयार मिळतं, पण तेच दर लग्नात दिसतं. आजीने विणलेले रुमाल, आईच्या हातचे चिरोटे आणि बेसनाचे लाडू, मावशीने भरलेला टेबलक्लॉथ असं घरात खरोखर असेल तर जरूर मांडा, आणि शेजारी कोणी केलं त्याची छोटी चिठ्ठी ठेवा. नसेल तर रुखवत सोडून दिलं तरी काही बिघडत नाही. मांडणार असाल तर फराळ झाकणाच्या पारदर्शक डब्यांत ठेवा आणि सामान परत नेण्याचं काम आधीच एका माणसावर सोपवा. पाठवणीच्या गडबडीत ते टेबल तसंच राहून जातं.