ब्लेंडर सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आमच्याकडून परवान्याचे 15,000 घेतले

माझ्या धाकट्या बहिणीला गेममधली कॅरेक्टर्स बनवायला शिकायचं होतं. पुण्यातल्या एका क्लासने त्यासाठी आम्हाला 1,41,600 रुपयांना गुंतवलं. नोकरीची हमी, शेवटच्या दोनच जागा, आजच भरलंत तर सवलत, हे सगळं तुम्हाला पाठ आहे.

मला डाचतोय तो फीचा कागद. कोर्स 1,05,000. सॉफ्टवेअर परवाना (ब्लेंडर) 15,000. वर 18 टक्के जीएसटी, 21,600. ब्लेंडर म्हणजे थ्रीडी मॉडेल्स बनवायचं सॉफ्टवेअर, आणि ते 2002 पासून मुक्त आहे. कुणीही डाउनलोड करावं, त्यावर धंदा करावा, एक पैसा लागत नाही. कंसातला तो एक शब्द तिथेच मोबाइलवर शोधला असता तर उठून चालते झालो असतो! पण मी हिशेबाची कामं करणारा माणूस. बेरीज तपासली, जीएसटी तपासला, दोन्ही चोख. सॉफ्टवेअर म्हटलं की परवाना आलाच, असं कुणालाही वाटेल. समोर बसलेल्या क्लासच्या बाईंना मात्र खरं काय ते पक्कं माहीत होतं. (माया या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी पैसे मागितले तरी थांबा. ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना ते वर्षभर मोफत देते.)

21,600 लगेच भरले. उरलेल्या 1,20,000 चे 'बिनव्याजी हप्ते' करून देतो म्हणत बहिणीकडून ओटीपी घेतला. ते फीचे हप्ते नव्हतेच, फायनान्स कंपनीचं तिच्या नावावरचं कर्ज होतं. ओटीपी देण्याआधी करारात कर्जदार कोण ते वाचा.

'खास अभ्यासक्रम' म्हणून पेनड्राइव्ह दिला. त्यात यूट्यूबवरचे धडे, कोपऱ्यातल्या नावावर राखाडी चौकोन चिकटवलेला. शिकवणाऱ्याचा कर्सर तिकडे गेला की चौकोनाखाली गडप व्हायचा. "दादा, ही तर ब्लेंडरमध्ये डोनट बनवायला शिकवणारी सिरीज, फुकट आहे," बहीण म्हणाली. चौथ्या महिन्यात क्लासला कुलूप.

चौकीत गेलो. 'दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा.' अर्जाची पोच मागितली, तर साहेब बंदोबस्ताला. सायबरवाले म्हणाले, ओटीपी तुम्हीच दिलात. फायनान्सवाले म्हणतात क्लासशी बोला, आणि क्लासचा फोन बंद! फुकटची वस्तू परवाना म्हणून विकली, तसं कागदावर लिहून दिलं, तरी ही फसवणूक नाही? मग फसवणूक म्हणायचं कशाला? वसुलीचे फोन मात्र वेळेवर येतात, तेही माझ्या विशीतल्या बहिणीला. 61,600 गेलेत, 80,000 अजून डोक्यावर आहेत, आणि हप्ता चुकला तर सिबिल खराब होणार तिचंच.

क्लास लावायचाच असेल तर शिकवणाऱ्याला समोर बसवून एखाद्या मॉडेलचं रिटोपोलॉजी, म्हणजे त्याची जाळी नव्याने नीट बांधणं, करायला सांगा. टाळाटाळ केली तर निघा. 'आमच्या विद्यार्थ्यांचं काम' म्हणून दाखवलेलं चित्र गुगलवर टाकून मूळ कुठलं ते शोधा. जाहिरात, व्हॉट्सॲप, पावत्या, काही पुसू नका.

5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. एकच गाऱ्हाणं असलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. आम्ही काही पालक तशी करतोय. तुमच्या फीच्या कागदावरही ती 15,000 ची ओळ असेल तर या.