प्लेराइट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी निफाड तालुक्यात कांदा होतो. चाळीतला माल कधी काढायचा हे ठरवायला मागचे भाव एका जागी हवेत, म्हणून मी एका साइटवरून रोजचे आकडे उतरवून घ्यायला लागलो. आधी पायथनच्या दोन लायब्ररी वापरल्या: पान मागवणारी रिक्वेस्ट्स आणि त्यातून मजकूर वेचणारी ब्यूटिफुल सूप. ब्राउझरमध्ये भरगच्च दिसणाऱ्या तक्त्याच्या जागी हाती आला एक रिकामा डिव्ह, म्हणजे पानातला नुसता मोकळा कप्पा. तक्ता जावास्क्रिप्ट मागाहून भरते आणि रिक्वेस्ट्स ती चालवतच नाही. मग प्लेराइटकडे वळलो.

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेलं हे साधन आपल्या कोडच्या सांगण्यावरून खरा ब्राउझर चालवतं. क्रोमियम (क्रोमचा पाया), फायरफॉक्स, वेबकिट (सफारीचं इंजिन), तिन्ही चालतात. बटण दाबण्याजोगं होईपर्यंत ते स्वतःच थांबतं. सेलेनियम या अशाच दुसऱ्या साधनात मी जागोजागी स्लीप, म्हणजे ‘इतके सेकंद थांब’ अशा ओळी, पेरायचो, ते सगळं गेलं. त्यातलं कोडजेन सुरू करून आपण क्लिक करत जायचं, कोड लिहून मिळतो.

पण या आपोआप थांबण्यावर विसंबून मी फसलो. तिसऱ्या महिन्यात काकांच्या वहीत टिपलेल्या दरांशी आकडे ताडून पाहिले, तर मंगळवारच्या तारखेपुढे सोमवारचे भाव! तारीख बदलली तरी जुना तक्ता दीड-दोन सेकंद तसाच राहायचा आणि तक्ता दिसतोय म्हटल्यावर स्क्रिप्ट तोच उचलायची. एररही नाही. या आकड्यांवर काकांनी माल काढला असता तर, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. नेटवर्क आयडल, म्हणजे पानाची सगळी देवाणघेवाण शांत होईपर्यंत थांबणं, लावून पाहिलं, पण पानावरच्या जाहिराती सतत काहीतरी मागवत राहतात, त्यामुळे ३० सेकंदांनी टाइमआउट. शेवटी तारीख बदलणारा क्लिक एक्स्पेक्ट रिस्पॉन्स या ठरावीक उत्तराची वाट पाहणाऱ्या सोयीच्या आत टाकला. नव्या तारखेचं उत्तर सर्व्हरकडून आल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

ते उत्तर उघडलं तर आत स्वच्छ जेसन, म्हणजे नावं लावून नीट मांडलेली माहिती: आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. मग ब्राउझर हवाच कशाला? आता या साइटसाठी हे जेसन जिथून येतं तोच पत्ता मी रिक्वेस्ट्सने थेट मागवतो, दोन मागण्यांमध्ये तीन सेकंद सोडून. वहीशी आकडे तंतोतंत जुळतात.

दुसऱ्या एका साइटवर मागणीसोबत पाठवायचं टोकन (परवान्यासारखा कोड) जावास्क्रिप्ट बनवते, तिथे प्लेराइटच लागतं. रॅम बरीच खातं, पण फोटो आणि फॉन्ट अडवले की माझ्या जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतं. नवी साइट हाती घेतलीत तर आधी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये पान काय काय मागवतं ते बघा, प्लेराइट इन्स्टॉल नंतर करा.