मिनीव्हॅनला हिच: स्वतः बसवावी की दुकानात?

अमेरिकेतल्या आपल्या बहुतेक कुटुंबांना हिच (गाडीच्या मागे खाली बसवायचा लोखंडी जोड, ज्यात सायकल रॅक किंवा ट्रेलर अडकवतात) हवी असते ती सायकलींसाठी. ट्रेलर ओढणारे थोडेच. तुम्ही कशात मोडता ते आधी ठरवा, निम्मं उत्तर त्यातच आहे.

फक्त सायकल रॅक लावायचा असेल तर वायरिंग लागत नाही. सिएना, ओडिसीसाठी बेतलेल्या हिचला बहुधा नवी भोकंही पाडावी लागत नाहीत. मी आमच्या ड्राइव्हवेमध्येच बसवली. एक अख्खी दुपार गेली. सायलेन्सर खाली सोडायला त्याचे रबरी हँगर काढावे लागतात, आणि ते हटता हटत नाहीत. साबणाचं पाणी लावलं तेव्हा निघाले. काही बोल्ट चेसीच्या पोकळ भागातून तारेने ओढून आणायचे असतात. त्यातला एक तारेवरून निसटून आत पडला. लोहचुंबकाने तो बाहेर काढण्यात पाऊण तास गेला, तोवर बायको दोनदा डोकावून गेली. दुसरं माणूस मात्र हवंच: पाठीवर पडून चाळीसेक पौंडांचं लोखंड एकट्याने वर धरता येत नाही.

दुकानात लिफ्ट असते, तासा-दोन तासांत गाडी परत. मजुरी वाचते हे खरं, पण टॉर्क रेंच आणि जॅक स्टँड विकतच घ्यायचे असतील तर वाचलेलं तिथेच जातं. आठ-दहा हिवाळे मिठाच्या रस्त्यांवर काढलेली व्हॅन असेल तर मी स्वतः हात लावणार नाही. गंजलेला नट आत तुटला की रविवार संपला.

ट्रेलर ओढायचा असेल तरीही दुकानच. ट्रेलरच्या दिव्यांसाठीच्या चार पिनांच्या जोडणीत टेललाइट, डावा-उजवा इंडिकेटर (ब्रेकलाइटही त्याच तारांवर) आणि अर्थिंग असतं. आजच्या गाड्यांत ते परस्पर टेललाइटच्या तारेला जोडून चालत नाही, गाडीचे सिग्नल ट्रेलरच्या तारांना जुळवून देणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो.

कोणीही बसवा, रिसीव्हर (हिचचं चौकोनी तोंड, ज्यात रॅक बसतो) दोन इंची घ्या. सव्वा इंचीत चार सायकलींचे रॅक फारसे मिळत नाहीत. हिचवर वजनाचा मोठा आकडा छापलेला असला तरी हुरळू नका. नव्या सिएनाची ओढायची मर्यादा ३,५०० पौंडच आहे, आणि हिचवर उभा पडणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के धरतात. सायकल रॅकचा तर सगळाच भार उभा पडतो: दोन ई-बाइक आणि रॅक मिळूनच दोनशे पौंडांच्या जवळ जातात.

गाडी लीजवर असेल तर पाना उचलण्याआधी करार वाचा.