ओलीचं मशीन आलं आणि मायचा पंप बंद झाला

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. नदीकाठची गावं पाण्यात गेली, आणि आमच्यासारख्यांची घरं भिंतींतून भिजली. सेलूतलं आमचं घर जुनं आहे. स्लॅबला तडे, पश्चिमेच्या भिंतीला कमरेएवढी ओल, कपाटामागं काळी बुरशी. माय याच खोलीत झोपते. तिला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायम दम लागायचा फुप्फुसाचा आजार. बिडी तिनं कधी हातात धरली नाही, पण अर्धं आयुष्य चुलीपुढं गेलं. पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्या, जे मिळेल ते जाळायचं. तो धूर फुप्फुसाचं काय करतो हे आमच्याकडच्या बायकांना वेळेवर कुणी सांगितलंच नाही.

पाऊस उघडला आणि गल्लीत पत्रकं वाटली गेली. ‘मोफत फुप्फुस तपासणी शिबिर’. शेजारच्या काकू निघाल्या म्हणून माय आणि अण्णाही गेले. मी शाळेवर होतो. मी विज्ञान शिकवतो. पुढचं सगळं मी अण्णांकडून तुकड्यातुकड्यानं काढून घेतलेलं आहे, कारण ते आजही नीट सांगत नाहीत.

शिबिरात टायवाला एक ‘सर’ होता. त्यानं मायच्या हातात तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं आणि नळीतून श्वास ओढायला सांगितलं. दोन गोळ्या वर गेल्या, तिसरी हलली नाही. ‘‘माय, तुमचं फुप्फुस चाळीस टक्केच चालायलंय. घरातली ओल छातीत बसलीय.’’ हे तीन गोळ्यांचं यंत्र श्वासाच्या व्यायामाचं असतं. ऑपरेशननंतर पेशंटला देतात तेच, मेडिकलमध्ये सहज मिळतं. त्यावरून टक्केवारी निघत नाही. खरी तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. तिथं नाकाला चिमटा लावून जोरात फुंकायला लावतात, तेही औषध देण्याआधी आणि दिल्यानंतर. मायची ती परभणीत आधीच झालेली होती, फाइल कपाटात होती. ‘सर’नं ती बघायलाही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन घरी हजर. ‘मेडिकल ग्रेड डीह्युमिडिफायर’, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, किंमत २४,५०० रुपये. त्यानं जे करून दाखवलं ते नीट वाचा, कारण भल्याभल्यांना ते पटेल. खिशातून दमटपणा मोजायचा छोटा डिजिटल मीटर काढला. खोलीत आकडा ८४ टक्के. मशीन सुरू केलं आणि मीटर मशीनच्या तोंडाशी धरला. थोड्या वेळात आकडा ५२! अण्णा म्हणतात, डोळ्यांनी बघितलं, कसं खोटं म्हणू?

आकडा खोटा नव्हता. मशीनच्या तोंडातून गरम हवा येत होती. हवा तापली की ती जास्त वाफ सामावून घेऊ शकते, त्यामुळं हवेतलं पाणी तेवढंच राहूनही टक्केवारी उतरते. २८ अंशांची ८४ टक्के दमट हवा नुसती ३७ अंशांपर्यंत तापवली तर मीटर ५२ च्या आसपास येतो. तोच मीटर हेअर ड्रायरपुढं धरला असता तरी हेच झालं असतं. कुणी असं दाखवायला आलं तर दारं-खिडक्या लावा, मीटर मशीनपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा, आणि त्याला दोन तास चहापाणी करून बसवून ठेवा. आमच्याकडचा तर पैसे मिळताच उठला.

दहा हजार यूपीआयनं, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर, बाकी रोख. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही. हे पैसे अण्णांनी स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगसाठी बाजूला काढले होते. म्हणजे ओल जिथून येत होती ती जागा तशीच राहिली.

इथपर्यंत नुसता पैशांचा प्रश्न होता. पण माय रोज तोंडावाटे औषध ओढायचा पंप (इन्हेलर) घ्यायची, आणि जाता जाता त्यानं तिला सांगितलं, ‘‘आता पंप हळूहळू सोडा. पंपाची सवय लागती, फुप्फुस आळशी होतं.’’ पंपाबद्दल आपल्याकडं आधीच भीती असते. मायनं सकाळचा पंप सोडला, मग रात्रीचाही. आम्हाला विचारलं तर म्हणायची, ‘‘मशीननं दम कमी लागायलाय.’’ एका पहाटे तिला वाक्य पुरं करता येईना, ओठ निळसर पडले. दवाखान्यात नेबुलायझर, ऑक्सिजन, इंजेक्शनं. डॉक्टर चिडले, पण मायवर नाही. सीओपीडीत पंप हेच मुख्य औषध आहे. डोस बदलायचा असेल तर तो डॉक्टरांनीच बदलायचा. कुठलंही मशीन त्याची जागा घेत नाही.

माय घरी आल्यावर मी ते मशीन उघडून पाहिलं. आत कॉम्प्रेसर नाहीच! हातभर उंचीचा डबा, बारा व्होल्टचा अडॅप्टर, आत पेल्टिअर पट्टी आणि पंखा. वीज दिली की या पट्टीची एक बाजू थंड होते, तिच्यावर वाफ जमून थेंब पडतात. असली मशीनं ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळतात आणि दिवसभरात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी काढतात. कपड्यांच्या कपाटाला ठीक आहेत. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली ३० अंशाला ८० टक्क्यांवरून ५० वर आणायची तर एका वेळच्या हवेतूनच तीनशे मिलिलिटर पाणी काढावं लागतं. फटींतून तासाभरात बाहेरची दमट हवा पुन्हा आत येते, भिंत वेगळीच पाझरत असते. म्हणजे दिवसाला सहा-सात लिटर तरी पाणी काढावं लागतं. त्याला कॉम्प्रेसरवालं मशीन लागतं, त्याचं वजन दहा किलोच्या पुढं असतं. आमचा ‘सर’ ते कापडी पिशवीत घालून घेऊन आला होता. टाकीतलं पिवळसर पाणी दाखवून ‘हे तुमच्या छातीत जात होतं’ म्हणाला, ती नुसती हवेतली वाफ आणि धूळ.

ओल दम्याच्या माणसाला बाधते, यात शंका नाही. बुरशी आणि धुळीतले बारीक किडे दमट हवेतच वाढतात, म्हणून घरातला दमटपणा साधारण ५० टक्क्यांच्या आसपास असलेला बरा. चांगलं मशीन पावसाळ्यात तेवढी मदत करू शकतं. पण ‘सर’ म्हणाला तसं ‘बारा महिने चोवीस तास लावा’ हे कुठल्या गावातलं? आमच्याकडं होळीनंतर मृगापर्यंत दुपारची हवा इतकी कोरडी असते की आपण कूलर लावून मुद्दाम ओलावा करतो. एका कोपऱ्यात कूलर आणि दुसऱ्यात हे मशीन, मग वीजबिल भरायचं कोणी?

डॉक्टरांनी सांगितलेली कामं बिनभपक्याची होती. आधी गळती बंद करा, बुरशीची भिंत घासून घ्या (मायला दुसऱ्या खोलीत ठेवून), पलंग भिंतीपासून सोडवा, ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका, उन्हाची खिडकी उघडी ठेवा. स्लॅबचं काम आम्ही उधारीवर केलं.

‘सर’चा फोन बंद लागला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिथं मराठी चालते. मग परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. पावती कच्ची असली तरी यूपीआयची नोंद, पत्रक, खोका, वॉरंटी कार्ड, दवाखान्याची बिलं सगळं जोडा. काही फेकू नका. आमची तारीख पडली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.

परवा जिंतूरहून भाच्यानं व्हॉट्सॲपवर पत्रक पाठवलं. ‘मोफत फुप्फुस तपासणी शिबिर’, फोटो तोच, मोबाइल नंबर दुसरा.