एका दिवसाचा घोळ : आयएमडीलिब आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, मी प्रोग्रामर नाही. चिपळूणला स्थापत्याची लहानसहान कामं घेतो. शेततळी, साकव, बागेतल्या मोऱ्या, छपराचं पाणी साठवायच्या टाक्या. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा घरात आली ती भाच्यामुळे. गणपतीत चार दिवस आला होता, रात्रीची आरती झाल्यावर माझ्या लॅपटॉपवर त्याने 'पिप इन्स्टॉल आयएमडीलिब' एवढंच टाइप केलं आणि म्हणाला, "मामा, आता पावसाच्या आकड्यांसाठी कुणाकडे खेटे घालू नकोस."

तोवर माझे आकडे दोन ठिकाणांहून यायचे. एक, ओळखीपाळखीने मिळालेल्या झेरॉक्स. दुसरं, अप्पांच्या वह्या. वडिलांनी अंगणातल्या पर्जन्यमापकाची नोंद वर्षानुवर्षं ठेवली होती. 22 जुलै 2021च्या पुरात खालच्या खोलीतल्या वह्यांचा लगदा झाला. माळ्यावर होत्या तेवढ्या सात वाचल्या.

तर हे आयएमडीलिब काय आहे? हवामान विभागाने, म्हणजे आयएमडीने, देशभरातला रोजचा पाऊस 0.25 अंशाच्या चौकोनांत बसवून ठेवला आहे, थेट 1901पासून. पण मूळ फाइल उघडून बघितली तर डोकं फिरेल. आत ना तारीख, ना गावाचं नाव, ना अक्षांश-रेखांश. नुसती आकड्यांची माळ. उत्तर-दक्षिण 129 आणि पूर्व-पश्चिम 135 बिंदू, असे दिवसाचे 17,415 आकडे, एकामागून एक. वर्षाची फाइल साधारण 25 एमबी. कुठला आकडा कुठल्या दिवसाचा आणि कुठल्या जागेचा, हे हिशेब लावून बसवायचं काम ही लायब्ररी, म्हणजे पायथनमध्ये वापरायचा तयार कोड, करते. 'गेट_डेटा'ला 'रेन' आणि सुरुवातीचं-शेवटचं वर्ष सांगायचं, ती फाइली उतरवून घेते. मग 'गेट_एक्सॅरे' म्हटलं की तारखा आणि अक्षांश-रेखांश लावलेला तक्ता हातात. चालू वर्षाच्या रोजच्या आकड्यांसाठी 'गेट_रिअल_डेटा' वेगळं आहे. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. तीस वर्षांचा पाऊस एका रात्रीत उतरला, मध्ये दोनदा लाइट गेली तरी.

पहिल्याच आठवड्यात मी तोंडावर आपटलो. समुद्राकाठच्या एका बागेसाठी जून ते सप्टेंबरची बेरीज केली, उत्तर आलं उणे 1,21,878 मिलिमीटर. माझा बिंदू समुद्रात पडला होता. हा संच फक्त जमिनीचा, पाण्यावरच्या चौकोनात -999 भरलेलं असतं, म्हणजे 'नोंद नाही'. पावसाळ्याचे 122 दिवस गुणिले उणे 999. हसून सोडून दिलं, पण मग रात्री झोप लागेना. तालुक्याची सरासरी काढताना पंचवीस चौकोनांत असा एकच घुसला असता, तर रोजचा पाऊस चाळीस मिलिमीटरने कमी दिसला असता आणि जुलैमध्ये तो आकडा अगदी खरा वाटला असता. आता आकडे उघडल्यावर पहिली ओळ -999 गाळणारी. हात धुतल्याशिवाय जेवायला बसत नाही तसं.

खरा घोळ मात्र तारखेचा झाला, आणि त्यात माझे दोन महिने गेले.

लायब्ररीवर विश्वास ठेवायचा तर पडताळा हवा, म्हणून माळ्यावरच्या सात वह्या काढल्या. आमच्या चौकोनाचा रोजचा पाऊस एका रकान्यात, अप्पांचा दुसऱ्यात. महिन्याच्या बेरजा बऱ्यापैकी जुळत होत्या. पण रोजचं काही केल्या जुळेना. अप्पांकडे धो-धो, तर इकडे रिपरिप. दुसऱ्या दिवशी उलटं. मी आधी अप्पांच्या मापकाला दोष दिला, मग चौकोनाला, मग भाच्याला. एका संध्याकाळी दोन्ही रकान्यांचा आलेख कागदावर छापला आणि एक कागद दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. वरचा कागद सहज किंचित सरकला, आणि टोकावर टोक बसलं. बरोबर एक दिवस.

हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो. अप्पासुद्धा आंघोळ-पूजा उरकून साडेआठच्या सुमारासच मोजायचे, पण लिहायचे कालच्या तारखेला. विचारलं तर म्हणाले, "काल पडलान तर कालच्याच पानावर नको लिहायला?" चूक कुणाचीच नाही. मुंबईची 26 जुलै लोकांच्या तोंडी आहे ना, तो सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊसही 27 तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या 24 तासांतला. 2005च्या फाइलमध्ये तो 26 तारखेला शोधणारा गोंधळणारच.

त्याच दिवशी कुलाब्याला 73 मिलिमीटर होता. दोन्ही वेधशाळांत अंतर पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे जेमतेम एका चौकोनाएवढं. या संचाची मर्यादा मला यावरून जितकी कळली तितकी कुठल्या माहितीपुस्तिकेतून कळली नसती. हा संच बांधताना 6,955 केंद्रांच्या नोंदी घेतल्या, त्यातली सगळी सगळ्या वर्षी चालू नव्हती, आणि जवळच्या केंद्राला जास्त वजन देऊन मधल्या जागा भरल्या. त्यात ढगफुटीचं टोक बोथट होतं. आपला कोकण म्हणजे समुद्र ते घाटमाथा मोजून दोन-तीन चौकोन. शेजारशेजारच्या दोन वाड्यांना दशांशापर्यंत तोच पाऊस मिळतो, कारण चौकोन एकच. एका गिऱ्हाईकाने मला विचारलंही, "आमच्याकडे नि त्यांच्याकडे सारखाच कसा हो?"

म्हणून आता माझा नियम ठरला आहे. साठवणुकीचं काम असेल तर डोळे झाकून हाच संच. 100 चौरस मीटर छपरावर 3,000 मिलिमीटर पाऊस, त्यातला वीस टक्के वाया गेला धरला, तरी 2,40,000 लिटर पागोळीतून जातं आणि एप्रिलमध्ये त्याच घरी टँकर येतो. टाकी केवढी हवी, पाऊस कधी सुरू होतो, कधी आवरतो, मध्ये किती दिवस उघडीप पडते, हे तीस-चाळीस वर्षांवरून काढता येतं. 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, ही खात्याची व्याख्या एका ओळीत लावता येते. "हल्ली पाऊस राह्यलाय कुठे" म्हणणाऱ्याला मी वाद न घालता आलेख दाखवतो.

मोरी किंवा साकवासाठी मात्र नाही. आकडा 24 तासांचा आहे, आणि आमचा पऱ्या, म्हणजे ओढा, दीड तासात भरून वाहतो. रोजची बेरीज 24ने भागून मोरीचा पाइप ठरवणारा इंजिनिअर मला भेटला आहे. सकाळी आरशात.

नदीचंही तेच. वाशिष्ठीत नुसता आमचा पाऊस नसतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला वीज करून खाली येतं, ते अवजल बाराही महिने वाशिष्ठीत. मार्चमध्ये पाऊस शून्य आणि नदी वाहती, हे कुठल्याही पावसाच्या फाइलला समजावता येत नाही. पावसाळ्यात दाभोळच्या खाडीतून भरती वर चढते, ते आणखी वेगळं. नदीचा अंदाज हवा असेल तर ही लायब्ररी एक भांडं देते, स्वयंपाक नाही.

तापमानही मिळतं, 1951पासून, पण 1 अंशाच्या चौकोनात. म्हणजे खाडी, कातळाचा सडा आणि घाटमाथा एकाच ताटात. हापूसवाल्यांनी त्यावर मोहोराचं गणित मांडू नये एवढंच सांगतो.

कोडचं म्हणाल तर माझ्यासारख्याला पंधरा ओळींपलीकडे जावं लागलं नाही. पहिले दोन आठवडे भाच्याला फोन, नंतर नाही. एक्सेलमध्ये जीव रमणाऱ्यांसाठी 'टू_सीएसव्ही'ला अक्षांश-रेखांश द्या, त्या जागेची फाइल निघते. मी अजूनही शेवटचा हिशेब तिथेच करतो.

यंदा मृगाच्या आधी अंगणात नवा पर्जन्यमापक लावला आहे. अप्पांना म्हटलं, या वर्षीपासून खात्यासारखी आजची तारीख घालूया. त्यांनी नवी वही उघडली, पहिल्या पानावर रेघा मारल्या आणि म्हणाले, "तुझ्या कंप्युटरात घाल हवी ती." तेव्हा कोडमध्ये त्यांच्या तारखेत एक दिवस मिळवणारी ओळ तशीच ठेवली आहे.