एस्प्रेसोच्या जोडवस्तू: पावसाळ्याभरच्या वापरानंतर

मे महिन्यात गोव्यात फोंड्याच्या घरी मी 51 मिलिमीटर व्यासाच्या पोर्टाफिल्टरचे, म्हणजे कॉफीचा चुरा भरून यंत्राला अडकवायच्या मुठीच्या भागाचे, एक साधे एस्प्रेसो यंत्र घेतले आणि पहिल्या पंधरवड्यातच ध्यानात आले की यंत्राहून त्याच्या जोडवस्तूंचाच बाजार मोठा आहे. सुयांचे ढवळणे, चुऱ्यावर ठेवायची जाळी, गोल कागद, चुरा सपाट करणारी चकती, चुरा दाबणारा स्प्रिंगचा टॅम्पर, तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर अशा वस्तू मी एकामागून एक मागवत गेलो आणि गणेश चवथीपर्यंत त्यांवरचा खर्च यंत्राच्या किमतीच्या निम्म्यापलीकडे गेला. त्यांपैकी कोणत्या वस्तूमुळे कपातली कॉफी खरोखर सुधारली आणि कोणती वस्तू केवळ ओट्यावर शोभून दिसते, हे मांडावे म्हणून हा परीक्षणाचा प्रपंच.

स्वस्त यंत्राबरोबर जी टोपली, म्हणजे बास्केट, मिळते ती बहुधा दुहेरी तळाची असते, ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली पाहिजे. वरच्या तळाला जाळीसारखी अनेक छिद्रे असतात, पण खालच्या तळाला मध्यभागी सुईच्या टोकाएवढे एकच छिद्र असते. दाब त्या एका छिद्रामुळे तयार होतो, कॉफीच्या चुऱ्यामुळे नव्हे. त्यामुळे दळण कसेही असले, चुरा कसाही भरला, तरी वर फेस येतो आणि तो क्रेमाच, म्हणजे चांगल्या एस्प्रेसोवरचा खरा फेसच, असल्याचा भास होतो. अशा टोपलीवर कोणतीही जोडवस्तू लावली तरी फरक जवळजवळ शून्य पडतो. मी तीन आठवडे याच टोपलीत सुयांनी चुरा ढवळत होतो, ते सर्व श्रम वाया गेले. एकेरी तळाची टोपली आल्यावर मात्र पहिल्याच दिवशी कॉफी नऊ सेकंदांत भसाभस खाली आली, कारण आता पाण्याला अडवणारे चुऱ्याशिवाय काहीच उरले नव्हते. तेव्हा खरी गरज बारीक आणि एकसारखे दळणाऱ्या ग्राइंडरची होती, आणि जोडवस्तूंच्या खर्चातला मोठा वाटा आधी तिकडे जायला हवा होता.

टोपली आणि पोर्टाफिल्टर मागवताना झालेली फसगतही नोंदवतो. 51 मिलिमीटर हा केवळ व्यास आहे. यंत्रात अडकणारे कान काही पोर्टाफिल्टरना दोन असतात, काहींना तीन. विक्रेत्याच्या वर्णनात कानांचा उल्लेख नव्हता, मला तीन कानांचा हवा होता आणि आला दोन कानांचा. परतीचा माल न्यायला माणूस यावा म्हणून अकरा दिवस वाट पाहावी लागली.

आता जोडवस्तूंकडे वळू. एस्प्रेसोमध्ये साधारण 9 बार दाबाचे गरम पाणी चुऱ्याच्या घट्ट थरातून जाते, आणि त्या दाबाखालचे पाणी थरातली कमकुवत जागा हुडकून काढतेच. आपल्याकडच्या खाडीकाठच्या खाजन शेतीच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडले की भरतीचे पाणी बाकीचा बांध सोडून त्या बिळातूनच घुसते आणि बघता बघता बीळ रुंद करते. टोपलीत घडते ते नेमके हेच, फक्त अर्ध्या मिनिटात. जिथून पाणी धावते तिथला चुरा गरजेपेक्षा जास्त धुतला जाऊन कडू होतो, बाकीचा जेमतेम भिजून आंबट राहतो आणि एकाच कपात दोन्ही दोष उतरतात. याला चॅनलिंग म्हणतात आणि बहुतेक जोडवस्तू त्याच्यावरचा उपाय म्हणूनच विकल्या जातात.

त्यांपैकी पूर्ण गुण मी एकाच वस्तूला देईन, ती म्हणजे सुयांचे ढवळणे. दळलेल्या कॉफीच्या गुठळ्या बारीक सुयांनी मोडण्याची ही रीत जॉन वाइस यांनी 2005 मध्ये मांडली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. मी रोज 16 ग्रॅम चुरा घेऊन कपात 32 ग्रॅम कॉफी उतरवतो. न ढवळता सलग चार दिवस घेतलेले वेळ 19, 31, 22 आणि 28 सेकंद असे होते, म्हणजे दळण तेच असूनही रोज निराळीच कॉफी. तळापासून वरपर्यंत वीस सेकंद ढवळू लागल्यावर हाच वेळ 25 ते 28 सेकंदांत स्थिरावला. थोरल्या वहिनींपुढे कोणता कप कोणता हे न सांगता दोन्ही ठेवले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘भावजी, ह्या कपातली कॉफी जिभेला टोचते, दुसरी सरळ खाली उतरते.’’ टोचणारी न ढवळलेली होती. एका चाचणीने काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण पुढे तीनदा त्यांनी तोच कप ओळखला.

ही वस्तू महाग घेण्याचे मात्र कारण नाही. माझ्या साडेतीनशे रुपयांच्या ढवळण्याच्या सुया खाऱ्या, दमट हवेत ऑगस्टपर्यंत टोकांना नारिंगी पडल्या. मग वाइनच्या बाटलीच्या बुचात अ‍ॅक्युपंक्चरच्या सहा सुया टोचून नवे ढवळणे केले. ते तितकेच चांगले चालते. सुया 0.4 मिलिमीटरहून जाड नसाव्यात, नाहीतर त्या गुठळ्या मोडण्याऐवजी चुऱ्यात चर पाडतात.

चुऱ्यावर ठेवायच्या धातूच्या जाळीबद्दल माझे मत तितके उत्साही नाही. तिच्यामुळे यंत्राच्या तोंडाची, पाणी सोडणारी झारी स्वच्छ राहते, हा तिचा खरा गुण. चवीत मात्र मला सातत्याने फरक जाणवला नाही. लहान यंत्रात उलट अडचणच होते, कारण प्रचलित जाळी 1.7 मिलिमीटर जाड असते आणि 51 मिलिमीटरच्या टोपलीत वर तेवढी मोकळी जागा नसते. 16 ग्रॅम चुऱ्यावर जाळी ठेवली तर पोर्टाफिल्टर अडकवताना हाताला जोर लावावा लागतो आणि चुऱ्याचा दाबलेला थर पाणी येण्याआधीच तडकतो. चुरा 15 ग्रॅमवर आणल्यावर हे थांबले. शिवाय थंड जाळी पाण्याची उष्णता शोषते, म्हणून ती आधी गरम पाण्यात बुडवावी लागते, आणि रोज घासली नाही तर तिच्यात अडकलेल्या कॉफीच्या तेलाला दोन दिवसांत खवट वास येतो. एक काम वाचवायला आणलेल्या वस्तूने दोन कामे वाढवली.

चुऱ्याखाली ठेवायचा गोल कागद हा स्वस्त आणि गमतीचा प्रकार आहे. कागद टोपलीची छिद्रे बारीक भुकटीने बुजू देत नाही, त्यामुळे प्रवाह वाढतो आणि त्याच वेळात उतरवण्यासाठी दळण ग्राइंडरवरच्या एक-दोन खुणा बारीक करावे लागते. कपाच्या तळाशी गाळ राहत नाही, हलक्या भाजणीच्या बियांची फळासारखी आंबूस चव अधिक स्पष्ट होते. पण कॉफीचे अंग, म्हणजे दाटपणा, थोडे हलके होते. चिकमगळूरच्या मध्यम भाजणीच्या बियांची दुधातली कॉफी हवी असेल तर कागद नकोच, तिला तो गाळाचा दाटपणाच शोभतो.

सपाट करणारी चकती सुंदर दिसते, हातात जड लागते आणि वरचा थर आरशासारखा गुळगुळीत करते. खालच्या गुठळ्या तशाच राहतात. मी ती देऊन टाकली. स्प्रिंगचा टॅम्पर नवशिक्याला दाब सारखा ठेवायला मदत करतो, त्यापलीकडे काही नाही. तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर कॉफी सुधारत नाही, चूक दाखवतो: चॅनलिंग झाले की बारीक फवारा थेट सदऱ्यावर येतो, आणि दोन सदरे गेल्यावर माणूस नीट ढवळायला शिकतो.

दळण्यापूर्वी बियांवर पाणी फवारायची छोटी बाटली मी हौसेने घेतली होती. ती स्थितिक विजेमुळे चुरा उडून चिकटू नये यासाठी असते. जुलैतल्या गोव्यात हवाच इतकी ओली असते की चुरा उडतच नाही. बाटलीचा उपयोग झालाच तर डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत होईल. पावसाची खरी अडचण दुसरीच आहे. बिया आणि चुरा दोन्ही हवेतला ओलावा ओढतात, आणि मे महिन्यात बसवलेले दळण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात 40 सेकंदांवर गेले. ते दोन खुणा जाड केल्यावरच कॉफी पुन्हा वेळेत उतरू लागली. यावर बाजारात कोणतीही जोडवस्तू नाही. बिया एकदम किलोभर न आणता अडीचशे ग्रॅम आणणे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि लागतील तेवढ्याच दळणे, एवढेच हाती राहते.

आज माझ्या ओट्यावर एकेरी टोपली, बुचाचे ढवळणे, साधा टॅम्पर आणि 0.1 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आहे. कागदांची गड्डी हलक्या भाजणीच्या बिया आल्या की फडताळातून बाहेर येते. जाळी मी अजून टाकलेली नाही. पाहुणे असताना लागोपाठ सहा कप काढायचे असतील तर मधेच झारी पुसावी लागत नाही, तेवढ्यापुरती ती वापरतो.