8 महिने, 14 सेशन्स: करिअर कोचसोबत काम केल्यानंतर

एकाच पदावर पाचवं वर्ष चालू होतं आणि दोन वेळा प्रमोशन माझ्या शेजारच्या टेबलावर गेलं होतं. नोकरी बदलावी की इथेच टिकून राहावं, हे माझं मला ठरवता येईना, म्हणून मी कोचकडे गेले. पहिले 6 महिने दर पंधरवड्याला एक तास, मग महिन्यातून एकदा, सगळं व्हिडिओ कॉलवर.

खरं तर ही माझी दुसरी कोच. पहिल्याकडे तीन सेशन्स करून थांबले. तासातला पाऊण तास ते स्वतःची वाटचाल सांगायचे. ती ऐकायला छान होती, पण माझा प्रश्न होता तिथेच राहायचा. नंतर कळलं की बहुतेक देशांत 'कोच' म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा शोधताना प्रमाणपत्र पाहिलं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या तीन पायऱ्या आहेत: एसीसीसाठी किमान 100 तास प्रत्यक्ष कोचिंग केलेलं असावं लागतं, पीसीसीसाठी 500 आणि एमसीसीसाठी 2,500. माझ्या कोच पीसीसी आहेत. पण माझा विश्वास बसला तो ओळखीच्या कॉलवर. मी न विचारताच त्यांनी सांगितलं, "झोप उडाली असेल, मन सतत खचलेलं असेल, तर आधी समुपदेशकाकडे जा. ते काम माझं नाही."

दुसऱ्या सेशनला त्यांनी विचारलं, "प्रमोशन हवंय हे तुम्ही मॅनेजरना नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितलंत?" मी अप्रेझलचा जुना फॉर्म उघडला. त्यात लिहिलं होतं, 'नवीन जबाबदाऱ्यांसाठी तयार आहे.' बस्स, एवढंच. पाच वर्षं मी धरून चालले होते की माझं काम पाहून त्यांना आपोआप कळेल.

मग आम्ही तो संवाद बोलून पाहिला. त्या मॅनेजर झाल्या. मी म्हणाले, "पुढच्या अप्रेझलला टीम लीडच्या पदासाठी माझा विचार व्हावा." त्या काहीच बोलल्या नाहीत. चार-पाच सेकंद गेले असतील, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "अर्थात, लगेच जमत नसेल तर हरकत नाही." पुन्हा केलं, पुन्हा तेच. शब्द बदलायचे, पण माघार तीच. पाचव्यांदा त्यांनी माझंच वाक्य मला ऐकवलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागायचं आणि समोरच्याने नकार द्यायच्या आत आपणच तो देऊन टाकायचा, ही सवय घरीदारी सगळीकडे होती. पुढची दोन सेशन्स आम्ही फक्त बोलून झाल्यावर गप्प बसण्याचा सराव केला. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण मला 14 सेशन्समधली हीच सगळ्यात मोलाची वाटतात.

प्रत्यक्ष भेटीत मी माझं वाक्य बोलले आणि थांबले. मॅनेजर बराच वेळ डायरीत पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तू हे कधी बोललीच नाहीस." त्या अप्रेझलला पद मिळालं नाही. चार महिन्यांनी तिघांच्या छोट्या प्रोजेक्टची जबाबदारी मिळाली, ती सध्या सांभाळते आहे.

न जमलेलंही सांगते. 'पाच वर्षांनंतरची मी' असं लिहून आणायला सांगितलं होतं, त्यात दोन सेशन्स गेली आणि हाती काही लागलं नाही. तेव्हाच मोकळेपणाने बोलायला हवं होतं. माझ्या क्षेत्राची त्यांना माहिती नाही, त्यामुळे कोणतं कौशल्य शिकावं हे मी ऑफिसातल्या एका सीनियर ताईंनाच विचारलं. नुसता रेझ्युमे सुधारायचा असेल किंवा मुलाखतीची तयारी करायची असेल, तर त्या कामाचा माणूस वेगळा शोधा.

पाचव्या महिन्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. साध्या मेलचं उत्तरसुद्धा मी 'सेशनमध्ये बोलू' म्हणून लांबणीवर टाकत होते. हे सांगितल्यावर सेशन्स महिन्यातून एकदा करू, असं त्यांनीच सुचवलं. यात त्यांचं उत्पन्न कमी होणार होतं, म्हणून मला त्यांचा आदर वाटतो.

फी मी स्वतः भरली. तुमची कंपनी भरणार असेल, तर कोचने मॅनेजरला काय सांगायचं आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवून घ्या. माझ्या एका मैत्रिणीने ते विचारलं नव्हतं आणि ती शेवटपर्यंत जपूनच बोलत राहिली.

प्रत्येक सेशनच्या शेवटी वहीत एक ओळ लिहायची, काय करणार आणि कधीपर्यंत. पुढचं सेशन त्याच ओळीपासून सुरू व्हायचं. 14 ओळींपैकी 9 पूर्ण झाल्या, 3 अर्ध्यावर आहेत. उरलेल्या दोनपैकी एक आहे, दुसऱ्या विभागातल्या दोघांशी बदलीबद्दल बोलणं. ती मी तीनदा पुढे ढकलली आहे. पुढच्या सेशनला फक्त तेवढ्यावरच बोलायचं, असं काल त्यांना कळवलं.